मुरमावरचा ट्रक: जोडणी आणि जुळवणी

नवा माणूस ट्रॅकवर आला की पाच मिनिटांत विचारतो, "मोटर कुठली बसवलीय?" शॉकमध्ये तेल कुठलं भरलंय आणि टायर रिमला कसे चिकटवले, हे विचारायला त्याला साधारण सहा महिने लागतात. मलाही तेवढेच लागले होते. त्या सहा महिन्यांत मी दोन मोटरी घेतल्या आणि शर्यतीत मात्र शेवटून दुसरा येत राहिलो. तुमचे ते सहा महिने वाचावेत, म्हणून हा लेख.

इथे बोलायचंय ते १/१० मापाच्या, बॅटरीवर चालणाऱ्या, फक्त मागची दोन चाकं ओढणाऱ्या स्टेडियम ट्रकबद्दल. नावातलं 'स्टेडियम' अमेरिकेतून आलं. मिकी थॉम्पसन या शर्यतवेड्या माणसाने १९७९ साली लॉस एंजेलिसच्या कोलिझियममध्ये माती आणून टाकली आणि वाळवंटात पळणारे ट्रक प्रेक्षकांसमोर उड्या मारायला लावले. रिमोटच्या गाड्यांत टीम असोसिएटेडची आरसी-टेन ही बग्गी १९८४ मध्ये आली होती. पुढे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिचेच सस्पेन्शनचे हात लांबवून, मोठे टायर चढवून तिचा ट्रक झाला. आज असोसिएटेडची टी-सिक्स मालिका किंवा लोसीची ट्वेंटी-टू-टी पाहिली तरी कूळ तेच दिसतं. तुमच्याकडे २००८ पासून मिळणारा ट्रॅक्सासचा स्लॅश किंवा तसा एखादा शॉर्ट कोर्स ट्रक असेल, तरी खालचं बहुतेक सगळं लागू पडेल.

बग्गी का नाही, ट्रकच का? आपल्याकडच्या मैदानांमुळे. अमेरिकेतले बंदिस्त ट्रॅक चिकणमातीचे, पाणी मारून दाबलेले, जवळजवळ गुळगुळीत असतात. आपण शर्यत लावतो ती कुणाच्या तरी माळावर, मुरूम पसरून, रोलर मिळाला तर फिरवून. सकाळी पाणी मारलं की दहापर्यंत माती छान धरते. अकरा वाजता वरचा थर सुटतो, आणि दुपारी खाली दगडासारखं टणक आणि वर पिठासारखी धूळ. अशा जमिनीवर बग्गी लहानशा खड्ड्यातही नाक घालते. ट्रक रुंद असतो, त्याची चाकं मोठी असतात आणि चूक केली तर तो पुष्कळदा माफ करतो. शिकणाऱ्याला असाच सवंगडी हवा.

शर्यतीचं किट म्हणजे डब्यात फक्त सांगाडा. स्पीड कंट्रोलर, मोटर, सर्व्हो, रिसिव्हर, ट्रान्समीटर, बॅटरी, चार्जर आणि बहुतेक वेळा टायरसुद्धा वेगळे घ्यावे लागतात. किटच्या किमतीइतकेच पैसे, किंवा त्याहून जास्त, या बाकीच्या सामानाला बाजूला ठेवा. हौसेला मोल नसतं हे खरं, पण हिशेब आधीच केलेला बरा. अर्ध्यात पैसे संपले की माणूस चार्जर स्वस्तातला घेतो, आणि नेमकी तिथेच काटकसर करायची नसते.

मोटरबद्दल थोडक्यात सांगतो आणि पुढे जातो. ५४० मापाची, सेन्सरवाली, १७.५ टर्नची ब्रशलेस मोटर घ्या. टर्न म्हणजे तारेचे वेढे. वेढे कमी तितके फेरे जास्त आणि गाडी तितकी हाताबाहेर. आता हिशेब बघा. पाच मिनिटांची शर्यत, एक फेरी २५ सेकंदांची, म्हणजे बारा फेऱ्या. जास्त ताकदीच्या मोटरने तुम्ही फेरीमागे ०.३ सेकंद वाचवलेत असं धरू. बारा फेऱ्यांत ३.६ सेकंद वाचले. आणि एकदाच गाडी उलटली, मार्शल धावत आला, त्याने ती सरळ केली, की सात-आठ सेकंद गेले. मोटर बदलून जिंकायची इच्छा म्हणजे पी हळद आणि हो गोरी.

आता जोडणी. माझं स्पष्ट मत आहे की ट्रॅकवर ज्याला 'ट्यूनिंगची अडचण' म्हणतात, त्यातल्या निम्म्याहून जास्त अडचणी टेबलावरच जन्माला आलेल्या असतात. एक हात जरा अडकतो, एका शॉकमध्ये हवा राहिली आहे, एक चाक घट्ट फिरतं. गाडी डावीकडे एक वागते, उजवीकडे दुसरं. मालक मात्र स्प्रिंगा बदलत बसतो.

हत्यारं चांगली घ्या: १.५, २ आणि २.५ मिलिमीटरचे ॲलन ड्रायव्हर, ५.५ आणि ७ मिलिमीटरचे नट ड्रायव्हर, व्हर्नियर कॅलिपर. डब्यासोबत फुकट येणारी वाकडी ॲलन की कचऱ्यात टाका, ती स्क्रूचं डोकं खाते. किटमधल्या पुड्या अ, ब, क अशा क्रमाने असतात. एका वेळी एकच पुडी फोडा आणि ताटलीत काढा. ताटली कडेची हवी. एकदा जमिनीवर पडलेली ई-क्लिप परत सापडल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.

प्लॅस्टिकमध्ये स्क्रू घालताना आधी तो उलटा फिरवा. एक बारीक 'टक' जाणवेल, तिथे आट्याला आटा मिळतो. मग सुलटा घ्या. बसला की थांबा. आणखी पाव वेढा मारायचा मोह होतो आणि त्या पाव वेढ्यात प्लॅस्टिकचे आटे मरतात. धातू धातूला भिडतो तिथे निळं थ्रेडलॉक लावा: मोटरचे स्क्रू, मोटरवरच्या लहान गिअरचा म्हणजे पिनियनचा ग्रब स्क्रू. प्लॅस्टिकला ते चुकूनही लागू देऊ नका. माझ्या पहिल्या गाडीत मी उत्साहाने सगळीकडे लावलं आणि पुढचा एक भाग आठवड्याभरात बिस्किटासारखा तुटला. थ्रेडलॉकमुळे प्लॅस्टिक ठिसूळ होतं, हे पुस्तिकेत लिहिलेलं होतं. पुस्तिका वाचायची सवय मला नंतर लागली.

टर्नबकल ही जी लहान दांडी असते, तिच्या एका टोकाला सुलटे आटे असतात, दुसऱ्याला उलटे. म्हणून ती न काढता पान्याने फिरवून लांब-आखूड करता येते. दांडीवर एका बाजूला खाच असते. गाडीतल्या सगळ्या टर्नबकलची खाच एकाच बाजूला ठेवा, समजा डावीकडे. मग पुढचं असो वा मागचं, पाना कुठल्या दिशेने फिरवायचा हे विचार न करता कळतं. उन्हात, घाईत, पुढच्या शर्यतीला तीन मिनिटं असताना याची किंमत समजते.

हात बसवून झाले की शॉक लावण्याआधी एक परीक्षा घ्या. गाडी हातात धरा, एकेक हात वर उचला आणि सोडा. तो स्वतःच्या वजनाने खाली पडला पाहिजे. मध्येच अडकला तर हिंज पिनचं भोक घट्ट आहे, किंवा टर्नबकलच्या टोकाचा कप त्याच्या बॉलवर आवळतोय. पिन घट्ट असेल तर भोक अगदी हलकं मोकळं करा. कप आवळत असेल तर तो बॉलवर बसलेला असतानाच चिमट्याने बाहेरून हलके दाबा. तो सैल होऊन नीट फिरायला लागतो. चारही कोपरे असे मोकळे झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. या एका गोष्टीसाठी मी अख्खी संध्याकाळ घालवतो आणि ती वाया गेली असं मला कधी वाटलेलं नाही.

शॉकच्या बाबतीत नमनालाच घडाभर तेल घालावं लागतं. दांडीला आणि ओ-रिंगला आधी चिकट हिरवं ग्रीस लावा, म्हणजे तेल गळत नाही आणि दांडी अडखळत नाही. पिस्टन पूर्ण खाली ओढून सिलिकॉन तेल काठोकाठ भरा. मग पिस्टन हळूहळू वर-खाली करा. त्याच्या खाली अडकलेली हवा बुडबुड्यांनी वर येईल. आता शॉक उभा ठेवून द्या आणि चहा करून या. बुडबुडे उरले असतील तर पुन्हा तेच. झाकण लावताना थोडं तेल बाहेर सांडणारच, खाली फडकं ठेवा.

चारही शॉक भरून झाले की जोडीची चाचणी करा. पुढचे दोन शॉक, अजून स्प्रिंग न लावलेले, टोकाला टोक लावून धरा आणि दोन्ही तळव्यांनी एकमेकांवर दाबा. दोन्ही सारखेच आत गेले पाहिजेत आणि सोडल्यावर सारखेच बाहेर आले पाहिजेत. एक आधी दबला तर त्यात हवा आहे किंवा तेल कमी आहे. तो पुन्हा उघडा. मग कॅलिपरने दोघांची लांबी मोजा, डावी-उजवी तंतोतंत हवी. एवढं केलं की गाडी निदान दोन्ही वळणांवर सारखी वागेल.

तेलाच्या जाडीचा आकडा हा हवामानाचा प्रश्न आहे. असोसिएटेडचं ३० वेट तेल म्हणजे ३५० सेंटिस्टोक, ३५ म्हणजे ४२५, ४० म्हणजे ५००. हे आकडे साधारण २५ अंश तापमानाचे. सिलिकॉन तेल इतर तेलांच्या मानाने कमी पातळ होतं, तरी ४० अंशांना ते सुमारे पाव भागाने पातळ झालेलं असतं. जानेवारीत सकाळी पुण्याच्या थंडीत ३० वेटवर सुरेख चालणारी गाडी एप्रिलच्या दुपारी उडी मारल्यावर पोट आपटते. ती बिघडलेली नसते, तिचं तेल पातळ झालेलं असतं. म्हणून उन्हाळ्यात मी पुढे-मागे पाच-पाच वेट जाड तेल भरतो. परदेशातल्या नामांकित ड्रायव्हरचं सेटअप कागदावरून जसंच्या तसं उतरवणाऱ्यांची गाडी इथे हमखास फसते. तो कागद बहुधा छताखालच्या, गारव्यातल्या चिकणमातीवर लिहिलेला असतो.

डिफरेन्शियल दोन तऱ्हांचं मिळतं. बॉल डिफमध्ये दोन कड्यांच्या मध्ये बारीक गोळ्या असतात, गिअर डिफमध्ये गिअर आणि जाड तेल. मुरमाच्या धुळीसाठी मी गिअर डिफ निवडतो, त्यात ५००० ते ७००० सेंटिस्टोकचं तेल. ते बंद असतं, महिनोन्‌महिने उघडावं लागत नाही. बॉल डिफ सैल मातीवर जास्त मऊ आणि अचूक वागतं हे मान्य, पण त्याची निगा राखण्याचा कंटाळा असेल तर त्याच्या वाट्याला जाऊ नका. घेतलंच, तर सुरुवातीला हळूहळू आवळत रुळवा. एक चाक धरून मोटर अगदी कमी वेगाने थोडा वेळ फिरवायची, मग दुसरं चाक धरायचं, मग थोडं आवळायचं.

स्लिपर क्लच ही त्यापुढची पायरी. उडी मारून गाडी जमिनीवर येते तेव्हा फिरती मोटर आणि थांबलेली चाकं यांच्यात जो धक्का बसतो, तो स्लिपर घसरून गिळतो. बॉल डिफ असेल तर नियम एकच: आधी स्लिपर घसरला पाहिजे, डिफ नाही. दोन्ही मागची चाकं घट्ट धरून अंगठ्याने स्पर, म्हणजे पिनियनला भिडणारं मोठं गिअर, फिरवून बघा. डिफ आधी घसरलं तर पहिल्याच शर्यतीत त्याच्या गोळ्या कड्यांत चर पाडतील. ट्रॅकवर स्लिपरची जुळवणी कानाने होते. जागेवरून एकदम थ्रॉटल दिल्यावर पहिल्या एक-दीड फुटात बारीक 'सुंइं' असा आवाज यावा आणि मग थांबावा. आवाज आलाच नाही तर तो फार आवळलेला, लांबत राहिला तर फार सैल.

पिनियन आणि स्पर यांच्यात कागदाचा कपटा घालून दोन्ही भिडवा, स्क्रू आवळा, कपटा काढा. हाताने स्पर हलवल्यावर किंचित खेळ जाणवला पाहिजे. अगदी घट्ट बसवलात तर मोटर तापते आणि गिअर केकाटतात.

गिअरचं प्रमाण काढायला स्परचे दात भागिले पिनियनचे दात, गुणिले गिअरबॉक्सचं आतलं प्रमाण. ते बऱ्याच ट्रकांत २.६ असतं, तुमच्या पुस्तिकेत पाहा. ७२ दातांचा स्पर, २७ चा पिनियन: २.६७ गुणिले २.६, म्हणजे ६.९३. सतरा-पॉइंट-पाचवाल्या ट्रकला सुरुवात इथून करा. २८ चा पिनियन लावलात तर ६.६९ होतं, सरळ पट्ट्यात वेग वाढतो आणि मोटरही जास्त तापते. पाच मिनिटं पळवून लगेच इन्फ्रारेड थर्मामीटरने मोटर मोजा. ७० अंश सेल्सिअसच्या आत राहिली पाहिजे. त्यापुढे आतलं चुंबक हळूहळू कमजोर होत जातं आणि ते परत येत नाही. मे महिन्यात एक दात कमी ठेवण्यात कसलाही कमीपणा नाही.

वायरिंगमध्ये दोन चुका सगळे करतात. मोटरच्या ए, बी, सी या तीन तारा स्पीड कंट्रोलरच्या त्याच अक्षरांना जोडायच्या. सेन्सरवाल्या मोटरीत कुठल्याही दोन अदलाबदल करून दिशा बदलत नाही, भलतंच काही बिघडतं. दुसरी चूक सर्व्होची. आधी रेडिओ चालू करून सर्व्हो मध्यावर आणा, मगच त्याचा हॉर्न बसवा. हॉर्नचे दातही जुळले पाहिजेत: फुटाबा आणि सॅवॉक्सला २५, हायटेकला २४, केओ आणि सान्वाला २३. सोल्डरिंगला साठ वॉटच्या वरचं आयर्न घ्या. रेडिओ दुरुस्तीवाल्याच्या पंचवीस वॉटच्या आयर्नने जाड तार तापत नाही, नुसता सांधा थंड राहतो आणि शर्यतीत सुटतो.

ट्रान्समीटर आधी चालू, शेवटी बंद. चाकं उचलून धरा, मुद्दाम ट्रान्समीटर बंद करा आणि मोटर थांबते का बघा. थांबली नाही तर फेलसेफ (सिग्नल तुटला की मोटर थांबवणारी सोय) लावल्याशिवाय गाडी जमिनीवर ठेवू नका. दोन किलोच्या आसपासची वस्तू ताशी पन्नास किलोमीटरने कुणाच्या घोट्यावर आली तर काय होईल, हे सांगायला नको.

आणि बॅटरी. इथे मी विनोद करणार नाही. टू-एस म्हणजे दोन सेलची लायपो, कडक कवचाची. पूर्ण भरल्यावर ८.४ व्होल्ट, त्याच्या वर एक दशांशही नाही. प्रत्येक सेल ३.२ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नका, स्पीड कंट्रोलरमध्ये तशी कट-ऑफ लावा. चार्जिंग नेहमी बॅलन्स मोडमध्ये आणि बॅटरीच्या क्षमतेएवढ्याच करंटने, म्हणजे ५००० एमएएचची बॅटरी ५ अँपियरवर. चार्ज होत असताना समोर माणूस हवा. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी गॅलरीत मातीची मोठी कुंडी ठेवावी आणि बॅटरी तिच्यात ठेवून चार्ज करावी, शेजारी वाळूची बादली. शर्यतीहून आलेली गरम बॅटरी निवल्याशिवाय चार्जरला लावू नका. उन्हात उभ्या चारचाकीत ती विसरू नका. फुगलेली बॅटरी मोह न धरता ई-कचऱ्यात द्या. आठवडाभर वापर नसेल तर सेलमागे ३.८ व्होल्टवर ठेवा. चार्जरमध्ये त्यासाठी 'स्टोरेज' हा पर्याय असतो.

बॉडी पारदर्शक पॉलिकार्बोनेटची असते आणि आतून रंगवायची असते, पूर्वी काचेवर मागून चित्रं काढत तशी. म्हणजे समोर दिसणारी रेघ आधी, पार्श्वभूमी शेवटी. रंगवण्याआधी भांडी घासायच्या साबणाने आतून धुवा आणि पॉलिकार्बोनेटचाच रंग वापरा. बाकी चित्रकला तुमची.

टायर हा या खेळातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आणि सगळ्यात कमी मान मिळालेलाही. गाडीचं सगळं काम जमिनीला चार ठिकाणी चिकटलेल्या काही चौरस सेंटिमीटर रबरातून होतं. टायर चुकीचा असेल तर स्प्रिंग, तेल, कॅम्बर यांच्याशी कितीही खेळा, आडात नाही ते पोहऱ्यात येणार नाही.

पुढच्या चाकांना सरळ धारांचे रिब टायर, मागे पिनांचे. जमीन सैल आणि धुळीची असेल तर पिना उंच आणि लांब-लांब अंतरावर हव्यात, म्हणजे त्या धूळ चिरून खालच्या टणक थरापर्यंत पोचतात. ट्रॅक पक्का होऊन गाड्यांच्या रबराने त्यावर काळसर वाट उमटली असेल, तर बारीक, दाट पिना किंवा जुने झिजलेले टायर जास्त धरतात. नवे टायर नेहमी उत्तम असं नसतं. सकाळी ओलसर मुरमावर एक जोडी, दुपारच्या धुळीत दुसरी, हे माझं ठरलेलं आहे. रबर मऊ की कडक? थंडीत मऊ, उन्हाळ्यात एक पायरी कडक, नाहीतर दोन शर्यतींत पिना गायब होतात.

चिकटवण्याची पद्धत नीट पाळा. रिमची खाच आणि टायरची आतली कड सँडपेपरने हलकी खरखरीत करा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, फोम सरळ बसलाय का पाहा. रिमला किंवा टायरला दोन भोकं हवीत. नसतील तर आत कोंडलेल्या हवेने टायर उडीवर चेंडूसारखा उसळतो. रबर बँडने टायर घट्ट धरून मग पातळ फेविक्विकचे थेंब कडेने सोडा. बोटं दूर. दुसऱ्या दिवशी बोटाने कड ओढून बघा, सुटलेल्या जागी पुन्हा थेंब.

आता ट्रॅकवर. जमिनीपासून चॅसीची उंची गुळगुळीत जमिनीवर २४ मिलिमीटर, मुरमावर २६ ते २८. मागच्या चाकांना टो-इन (चाकांच्या पुढच्या कडा आत) तीन अंश बहुतेक गाड्यांत मुळातच असतो, पुढे शून्य किंवा एक अंश बाहेर. चारही चाकांना एक ते दीड अंश उणा कॅम्बर, म्हणजे चाकाचा माथा किंचित आत झुकलेला. पुस्तिकेच्या शेवटी छापलेलं मूळ सेटअप वापरून निदान तीन बॅटऱ्या पळवा. काहीही बदलू नका. गाडी वाईट वाटली तरी नाही. पहिल्या दिवशी वाईट असते ती बहुधा गाडी नव्हे.

त्यानंतर एका वेळी एकच बदल, आणि तो वहीत. तारीख, वेळ, ऊन-सावली, टायर, तेल, काय बदललं, काय वाटलं. फेरीची वेळ लिहा आणि दहा फेऱ्यांत गाडी किती वेळा उलटली तेही लिहा. माझ्या वहीत दुसरा आकडा पहिल्यापेक्षा जास्त कामाला आला आहे.

वळणावर गाडी शेपूट टाकत असेल तर क्रमाने असं करा: मागचे टायर बदला, मग बॅटरी जमेल तेवढी मागे सरकवा, मग मागच्या स्प्रिंगा एक पायरी मऊ करा. उलट, स्टिअरिंग वळवूनही नाक सरळच जात असेल तर आधी पुढचे टायर, मग पुढच्या स्प्रिंगा मऊ. पण ते करण्याआधी स्वतःला विचारा की तुम्ही वळणात थ्रॉटल सोडता का. मागची चाकं ओढणाऱ्या गाडीत थ्रॉटल सोडला की वजन पुढे येतं आणि पुढची चाकं धरतात. नव्या माणसाची गाडी 'वळत नाही' तेव्हा दहातल्या सात वेळा त्याचं बोट ट्रिगरवर दाबलेलंच असतं. कॅम्बर लिंक, अँटी-स्क्वॉट, ॲकरमन या गोष्टींना पहिलं वर्षभर हात न लावलात तरी काही बिघडत नाही.

सैल मातीवर मोटर मागच्या टोकाला असलेली मांडणी सोपी जाते, कारण वजन चाकांवर बसतं. अलीकडची बहुतेक किटं मोटर मध्ये ठेवणारी आहेत, ती चिकट जमिनीसाठी. तुमची तशीच असेल तर मागे पितळी वजनं लावून पाहा. रेडिओमध्ये सुरुवातीला स्टिअरिंगला थोडा एक्सपो द्या, म्हणजे मध्याजवळ चाकं हळू वळतात, आणि थ्रॉटलचा शेवटचा टप्पा ऐंशी टक्क्यांवर आणा. पळवायला सोपी झालेली गाडी लाजेने परत अवघड करू नका.

उडीबद्दल एक गोष्ट कळली की मजा येते. हवेत असताना थ्रॉटल दिला की चाकांचा वेग वाढतो आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून गाडीचं नाक वर उठतं. ब्रेक दाबला की चाकं थांबतात आणि नाक खाली जातं. ट्रकची चाकं मोठी आणि जड, म्हणून हा परिणाम बग्गीपेक्षा ठळक. नाक खाली जाताना दिसलं की किंचित थ्रॉटल, शेपूट खाली जाताना दिसली की ब्रेकचा एक टिचका. घाबरून पूर्ण ब्रेक दाबलात तर गाडी कोलांटी मारेल. हे आधी छोट्या उंचवट्यावर करून बघा. शॉर्ट कोर्स ट्रकच्या मोठ्या बॉडीखाली हवा अडकून ती छत्रीसारखी उचलली जाते. त्यासाठी बॉडीच्या मागच्या भागात भोकं पाडतात.

संध्याकाळी गाडी पाण्याने धुवू नका. ब्रशने झाडा. पंक्चरवाल्याकडच्या हवेने साफ करण्याचा मोह मलाही झाला होता. त्या हवेत पाणी असतं आणि जोरही इतका, की धूळ बेअरिंगच्या आत ढकलली जाते. मारायचीच तर लांबून आणि बेअरिंग टाळून. चाकं एकेक फिरवून कान लावा. करकरणारं बेअरिंग बदला, ते स्वस्त असतं. जून ते सप्टेंबर आपल्याकडे तशीही सुटी. तेव्हा शॉक उघडा, मळलेलं तेल टाका, ओ-रिंग बदला, डिफ साफ करा.

आणि एक राहिलं. तुमची पाच मिनिटं संपली की गाडी टेबलावर ठेवून लगेच ट्रॅकवर परत जायचं. पुढच्या शर्यतीला मार्शल म्हणून आधी पळलेलेच उभे राहतात. बूट घाला, फोन खिशात ठेवा, पाठीमागून येणाऱ्या गाड्या बघूनच आत पाऊल टाका. दुसऱ्याची उलटलेली गाडी सरळ करून सोडायची, हातात घेऊन निरखत बसायचं नाही. तिचे टायर कुठले आहेत ते शर्यत संपल्यावर विचारा, माणसं आनंदाने सांगतात.